होल्डवरची कोंबडी

रविवारी सकाळी बाजारात जाऊन ताजी कोंबडी आणणे ही बाब वरकरणी किरकोळ वाटते. लोक चपला घालतात, पिशवी घेतात, जातात आणि आणतात. असल्या बेफिकीर लोकांमुळेच देशात गुणवत्तेचे प्रश्न निर्माण झालेले आहेत. मी उमाकांत, भिलाईच्या पोलाद प्लांटच्या तपासणी विभागातून निवृत्त, सध्या मरोद्याच्या नवप्रभात वसाहतीच्या आवक माल तपासणी समितीचा सचिव, येथे गेल्या रविवारच्या कोंबडी प्रकरणात माझी बाजू मांडत आहे. वसाहतीत माझ्याबद्दल जे बोललं जातं ते अर्धवट आहे. उरलेलं अर्धं त्याहून वाईट आहे, पण ते नियमाला धरून आहे.

प्रकरणाचं मूळ भैयालालमध्ये आहे. भैयालाल म्हणजे माझ्या पत्नीचा, चारुलताचा, थोरला भाऊ. आमगावकडे त्याची शेती आहे. बैल विकून ट्रॅक्टर आणला, पण बैलाची रग त्याने स्वतःकडे ठेवून घेतली. आमचा मुलगा पार्थ बारावी पास झाला तेव्हा मी घरी कोंबडीचं जेवण ठेवलं होतं. जेवायला भैयालाल होता आणि आमच्या विभागाचे साहेबही होते. पातेल्यात लेग पीस दोन होते आणि पंगतीत साहेब होते, तेव्हा दोन्ही कुठे गेले हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. भैयालालच्या ताटात मान पडली. त्याने मानेकडे पाहिलं, साहेबांच्या ताटाकडे पाहिलं, हात धुतले आणि भर उन्हात स्टेशनाकडे चालू लागला.

त्यानंतर त्याने आमचा उंबरा शिवला नाही. राखीला चारुलताच तिकडे जायची. तो ओवाळून घ्यायचा, साडी द्यायचा, आणि "दादा, आता भिलाईले ये ना" म्हटलं की म्हणायचा, "नाई बाई, तुया घरी मले मान भेटला तेवढा पुरे." चारुलताला माहेरचं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं आहे. ती माझ्याशी या विषयावर कधी भांडली नाही. माझ्या ताटात मात्र त्या दिवसापासून लेग पीस पडलेला नाही.

आणि यंदा काय झालं कोण जाणे, शुक्रवारी भैयालालचा फोन आला, "रविवारी येतो व चारू. गावरान करजो." फोन ठेवल्यावर चारुलता बराच वेळ हसत होती आणि मग तिने मसाल्याचे डबे उन्हात मांडले. रविवारी पहाटेच तिने माझ्या हातात पिशवी दिली.

"अजी, मोनूच्या दुकानी जा. गावरान घ्या. डोळ्यासमोर कापून घ्या अन् सीधे घरी या. मधात कुठी थांबू नका. दादाच्या ताटात दोन्ही लेग पडले पायजे. या खेपेला काई गडबड केली ना, त मी दादासंगं आमगावले चालली जाईन. मंग बसा तुमच्या समितीच्या हातचं खात."

आता समितीबद्दल. आमच्या वसाहतीचे अध्यक्ष धोंडबा, प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्टीवरून, निवृत्त. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला बाजारातून पनीर आणलं होतं. ते तासभर शिजवूनही जसंच्या तसं राहिलं आणि नातवाने त्यातल्या एका तुकड्याने वहीतली चुकलेली बेरीज खोडून दाखवली. त्यावर तातडीची सभा झाली. ठरावाचा मसुदा मी लिहिला. वसाहतीच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक नाशवंत मालावर लेबल हवं. लेबलावर मालाचं नाव, तारीख आणि वजन हवं. लेबल नाही तर प्रवेश नाही. तेव्हापासून भाजीवाली ममता टोपलीवर 'भाजी' अशी चिठ्ठी चिकटवून येते. त्यामुळे भाजीबद्दल रहिवाशांमध्ये जे गैरसमज होते ते संपुष्टात आले.

तर मी मोनूच्या दुकानी पोचलो. मोनूचं दुकान बाजाराच्या टोकाला, एका मिठाईवाल्याच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्याने खुराड्यातून एक गावरान कोंबडी काढून माझ्यासमोर धरली. मी पाहणी केली. डोळे पाणीदार, तुरा लाल, वागणूक उद्धट.

"पॅकिंगची तारीख?" मी विचारलं.

"काका, अभी पॅक कहाँ हुई है? अभी तो चिल्ला रही है."

"ताजी आहे याला पुरावा काय?"

मोनूने कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीने माझ्या घड्याळावर चोच मारली. "लो," मोनू म्हणाला, "खुद बता रही है."

"नुसती हालचाल हा पुरावा नव्हे," मी त्याला समजावलं. "आमच्या खात्यातही पुष्कळ लोक हालचाल करत होते. मला लेबल पाहिजे. लेबल नसेल तर माल घेत नाही."

"बस लेबल?" मोनूचा चेहरा उजळला. "पहले बोलना था ना काका."

त्याने माझ्या डोळ्यासमोर कोंबडी कापली, साफ केली, धुतली, प्लॅस्टिकच्या पन्नीत भरली. मग तो शेजारी जाऊन एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आला आणि पन्नी त्यात ठेवली. डब्यावर सोनेरी कडेचं चकचकीत लेबल होतं. मी लेबल पाहिलं. वाचलं नाही, पाहिलं. कुठेतरी आजच्या तारखेचा शिक्का होता. माझं मन भरून आलं. इतक्या वर्षांत मोनूच्या दुकानातून लेबल लागलेली पहिली कोंबडी माझ्या हातून बाहेर पडत होती.

फाटकावर टेबल टाकून धोंडबा बसले होते. शेजारी स्टुलावर आमचा चौकीदार फकिरा. धोंडबांनी चष्मा पुसला, डबा हातात घेतला आणि मोठ्याने वाचू लागले.

"स्पेशल काजू कतली. शुद्ध देशी घी. तारीख आजची. वजन आहे. हिरवा ठिपकाबी आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उमाकांत, तू त कोंबडी आणाले गेलता ना बावा?"

मी डबा उघडून दाखवला. आत कोंबडी होती. आम्ही तिघांनी ती पाहिली. फकिरा म्हणाला, "काजू नाई दिसून राहिले." त्याला गप्प बसवण्यात आलं.

धोंडबा मूळचे व्यवहारी. ते म्हणाले, "जाऊ दे ना राजा. ठरावात काय पायजे? नाव पायजे, आहे. तारीख पायजे, आहे. वजन पायजे, आहे. मी काजू कतली म्हणून सोडतो. घरी जाऊन तू तिचा रस्सा कर नाई त बर्फी कर, आमाले काय करायचं?"

इथे एखादा भ्रष्ट माणूस हो म्हणाला असता, घरी गेला असता आणि सुखी झाला असता. पण मी जन्मभर तपासणी खात्यात काढलेला माणूस. आत एक माल आणि बाहेर दुसरं लेबल, हे मी कुणाच्या बापाचं चालू दिलं नाही, आणि माझी स्वतःची कोंबडी आहे म्हणून चालू देऊ? मी स्वतःच्या कोंबडीवर लेखी हरकत घेतली. धोंडबांनी कपाळाला हात लावला. लेबल काढून टाकावं तर कोंबडी बिनलेबलची होते. नवं लेबल मी लावावं तर मी पॅक करणारा नव्हे. परत करावी तर मोनूने काजू कतली विकलेलीच नाही, तो परत घेणार कशी?

अशा वेळी काय करायचं हे प्लांटमध्ये शिकाऊ उमेदवारालाही ठाऊक असतं. माल होल्डवर टाकायचा. लाल चिठ्ठी बांधायची, यार्डात नेऊन ठेवायचा आणि निर्णय होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. होल्डचं सौंदर्य असं की त्यात कुणाचंच नुकसान होत नाही. मी स्वतः यार्डात लोखंड वर्षानुवर्षं होल्डवर पडलेलं पाहिलं आहे. वरून पाऊस गेला, ऊन गेलं, तीन साहेब बदलून गेले. शेवटी निर्णय झाला तेव्हा माल जसा ठेवला होता तसाच होता. एकही तक्रार आली नाही. त्या अनुभवाच्या बळावर मी कोंबडीच्या डब्याला लाल चिठ्ठी बांधली आणि डबा वसाहतीच्या सायकल स्टँडमध्ये ठेवला. वर टिनाचं छप्पर होतं. महिना मे होता.

तेवढ्यात चारुलता फाटकाशी आली. हात मसाल्याने माखलेले.

"अजी, तुमी इथं काय करून राहिले? तिकडं मसाला वाटून झाला, तेल तापून राहिलं. कोंबडी कुठी आहे?"

"होल्डवर आहे," मी म्हणालो.

"कायवर?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकलं नाही. सरळ स्टँडमध्ये गेली, डबा उघडला, नाक जवळ नेलं आणि म्हणाली, "चांगली आहे अजून. द्या इकडं."

"चारुलता, लाल चिठ्ठी आहे. हात लावू नकोस. आणि वास घेऊन तू जे मत दिलंस ते ग्राह्य नाही. तुझं नाक प्रमाणित नाही."

ती माझ्याकडे वळली. "कावून नाई? याच नाकानं मी इतकी वर्षं दूध पायलं, शिळा भात पायला, तुमचे मोजे पायले. तवा कोणी सर्टिफिकेट मांगलं नाई मले!"

मी उत्तर देणार तोच तिचा फोन वाजला. भैयालाल होता. त्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला, त्याला फोनची गरज आहे असं मला कधीच वाटलं नाही. "चारू, गाडी रसमड्याच्या टेसनावर उभी करून ठेवली व. दुर्ग समोर दिसून राहिलं, पण सिग्नल नाई म्हंते."

"आरामात ये दादा," चारुलता म्हणाली. "काई घाई नाई." आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहून म्हणाली, "अर्धा घंटा भेटला तुमाले. सोडवा कोंबडी."

रेल्वेतही होल्डची पद्धत पाळली जाते हे ऐकून मला बरं वाटलं. गाडीचंही काही बिघडलेलं नव्हतं.

मी चारुलताचा आग्रह मान्य करून तपासणी तात्काळ हाती घेतली. पहिली चाचणी वासाची. त्यासाठी वास उपसमिती नेमण्यात आली आणि सेवाज्येष्ठतेनुसार धोंडबांची निवड झाली. धोंडबांचं नाक कोक ओव्हनच्या धुरात नोकरीच्या मध्यावरच निवृत्त झालेलं आहे. गेली कित्येक वर्षं त्यांना फोडणी, गुलाब आणि गटार यांतला फरक डोळ्यांनी पाहून ठरवावा लागतो. त्यांनी डब्यावर वाकून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"कायचाच वास नाई," ते म्हणाले.

मी लिहिलं, 'दुर्गंधी आढळली नाही.'

"अजी, त्यायले त संडासचाबी येत नाई!" चारुलता ओरडली.

"म्हणूनच ते निःपक्ष आहेत," मी म्हणालो. पूर्वग्रह असलेलं नाक नेमून कुठल्याही समितीचं भलं झालेलं नाही.

दुसरी चाचणी शिजवून पाहण्याची. त्यासाठी नमुना काढणं आलं. नमुना कुठून काढायचा याबद्दल तपासणी शास्त्रात दुमत नाही. जो भाग भार वाहतो तिथून. पुलाचं लोखंड तपासताना आपण कठड्याचा तुकडा घेत नाही. कोंबडीचा भार कशावर असतो? ती मानेवर उभी राहत नाही. नमुने दोन लागतात, एक तपासणीचा आणि एक फेरतपासणीचा. आणि देवाच्या कृपेने कोंबडीला पाय दोनच आहेत.

मी सुरी मागितली तेव्हा चारुलताच्या लक्षात आलं. "नाई, अजी," ती म्हणाली. "पाठ घ्या. मान घ्या. पंखे घ्या. लेग नका काढू. दादा कवापासनं रुसला होता, तुमाले माहीत आहे ना? दादासाठी नाई त मायासाठी." तिच्या आवाजात विनवणी होती. इतक्या वर्षांत तिने माझ्याजवळ काही मागितलेलं मला आठवत नाही, सगळं ती परस्पर करून मोकळी व्हायची. मला वाईट वाटलं. मी ते वाईट वाटणं बाजूला ठेवलं आणि लेग काढले. चारुलता घरी गेली.

लेग धोंडबांच्या पत्नी कमलाताईंकडे शिजवायला पाठवले. मी स्वतः हितसंबंधी असल्यामुळे चव घेण्यापासून दूर राहिलो. धोंडबांनी एकट्याने ती जबाबदारी उचलली. पहिल्या लेगचा अहवाल आला, 'मांस उत्तम, मऊ, रसदार. मीठ कमी.' आता मीठ कमी हा शेरा पडल्यावर माल पास कसा करणार? दुसरा लेग मीठ सुधारून शिजवावा लागला. त्यात कमलाताईंनी घरी लसूण नाही म्हणून मागवला. लसूण बिनलेबलचा निघाला. त्याचा निर्णय होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

या काळात भैयालालची गाडी रसमड्याला आणि उरलेली कोंबडी स्टँडमध्ये शांतपणे होल्डवर होती. टिनाखाली सायकलींच्या सीटा हात लावू देत नव्हत्या. एक मांजर आलं, लगबगीने डब्याजवळ गेलं, थबकलं आणि आलं त्याहून लगबगीने परत गेलं. मांजर समितीचं सदस्य नसल्यामुळे त्याचं मत नोंदवलं नाही. फकिराने आपलं स्टूल आधी कडुलिंबाखाली नेलं आणि मग फाटकाच्या बाहेर.

मला वास आला का? विचारणारे विचारतात म्हणून सांगतो. आला. पण मी वास उपसमितीवर नव्हतो.

दुपारी दुसऱ्या लेगचा अहवाल आला. 'सर्व दृष्टीने समाधानकारक.' नमुना पास म्हणजे माल पास. मी लाल चिठ्ठी काढून हिरवी बांधली. तिच्यावर धोंडबांनी सही केली, खाली मी केली. एका हाताने नाकाला रुमाल धरलेला असल्यामुळे माझी सही जरा वाकडी आली, पण ती बँकेतही चालते.

आणि फाटकाशी ऑटो थांबला. भैयालाल उतरला. खांद्यावर तांदळाची थैली, बहिणीसाठी घरचा तांदूळ. चेहऱ्यावर इतक्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं असं हसू. एक पाऊल आत टाकलं आणि हसू गेलं. त्याने दुपट्टा नाकाला लावला.

"काहो जवाई, काय मेलं इथं?"

"काही मेलं नाही," मी म्हणालो. "ते आपलं जेवण आहे. पास झालं आहे."

भैयालालने स्टँडकडे पाहिलं, हिरव्या चिठ्ठीकडे पाहिलं. शेतकरी माणूस, नको तेच विचारतो. "लेग कुठी आहे?"

मी घसा साफ करत होतो तेवढ्यात धोंडबा मागून बोटं पुसत आले आणि मोकळ्या मनाने म्हणाले, "लेग लय मस्त होते, राजा."

भैयालालने थैली पुन्हा खांद्यावर घेतली. "मागच्या टाइमाले साहेब होता," तो म्हणाला, "या टाइमाले समिती. तुमच्या घरी कोंबडीले पाय असते जवाई, पण ते मायाकडं चालत येत नाई." आणि तो ऑटोकडे वळला.

"दादा!" चारुलता धावत आली. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चप्पल अडकवली, भावाच्या शेजारी ऑटोत जाऊन बसली आणि ऑटो गेला.

मी फाटकात उभा राहिलो. ऑटो दिसेनासा झाल्यावर घरी गेलो तर वाटलेला मसाला पाट्यावरच सुकून चालला होता आणि तापवून उतरवलेलं तेल थंड पडलं होतं. दोन ताटं मांडून ठेवलेली होती. तिसरं, माझं, मांडलेलं नव्हतं. आमगावची गाडी किती वाजता सुटते हे मला माहीत होतं. मी खोटं कशाला बोलू, मी दोनदा घड्याळ पाहिलं. जन्मभर इतका माल तपासला, पण चारुलता गेली तर घरात चहाची पत्ती कुठल्या डब्यात असते हेही मला सांगता आलं नसतं. तिने एकाही डब्याला कधी लेबल लावलेलं नाही.

मी पुन्हा फाटकाशी जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने तोच ऑटो परत आला. चारुलता उतरली. तिच्या काखेत मोनूच्या खुराड्यातला एक तगडा लाल कोंबडा होता, जिवंत, मान ताठ. भैयालाल ऑटोतच बसून होता. "मी आत येणार नाई," तो म्हणाला. "तू शिजवजो, मी इथंच फाटकापाशी खाईन."

धोंडबा टेबलामागून उठले. "वैनी, लेबल?"

"तुमाले दिसून नाई राहिलं? जित्ता आहे."

"पण नाशवंत माल आहे ना."

"नाशवंत त तुमीबी आहा," चारुलता म्हणाली. "तुमाले कुठी लावलं लेबल?"

धोंडबांनी माझ्याकडे पाहिलं. नियमाचा अर्थ लावणं हे सचिवाचं काम. मी ठराव मनातल्या मनात पुन्हा वाचला. घर पणाला लागलं होतं, पण मी अर्थ प्रामाणिकपणेच लावला. "ठराव मालाबद्दल आहे," मी म्हणालो. "स्वतः श्वास घेत फाटकातून येणारा जीव हा माल नव्हे."

"मंग काय आहे?" फकिराने विचारलं.

"पाहुणा आहे," चारुलता म्हणाली. "लिवा पाहुण्यात."

फकिराने पाहुण्यांची वही उघडली. तो कामाचा पक्का आहे, रकाना सोडत नाही. "कोणाकडं?"

"आमच्याकडं."

"काम?"

"जेवण."

"नाव?"

चारुलताने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "लिवा, उमाकांत. हाबी सकाळपासून नुसता तुरा वर करून कोकलून राहिला, अन् कामाचं काईच नाई."

त्या क्षणी कोंबड्याने मान उंचावून एक लांबलचक बांग दिली.

ऑटोतून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग भैयालाल तांदळाची थैली घेऊन खाली उतरला, तिच्यावर बसला आणि हसू लागला. हसता हसता त्याने मांडीवर थापा मारल्या, दुपट्ट्याने डोळे पुसले, "उमाकांत! बापा रे!" म्हणाला आणि पुन्हा हसला. भावाला हसताना पाहून चारुलता हसायला लागली आणि मग तिथेच, कोंबडा काखेत धरून, रडली. फकिराने दोन्ही उमाकांतांकडे पाहून आत येणाऱ्या उमाकांतची नोंद पूर्ण केली.

दुपार कलल्यावर उमाकांत शिजला. भैयालाल घरात, पाटावर, भिंतीला टेकून जेवला. "चारू," तो दर घासाला म्हणायचा, "तुया उमाकांतचे पाय लय भारी आहे व!" माझ्यासाठी तिसरं ताट मांडण्यात आलं. त्यात मान होती. मी ती निमूट खाल्ली आणि आणखी मागितली नाही. निघताना भैयालालने दिवाळीला येतो असं सांगितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती जरा जोरात होती, पण मी हरकत घेतली नाही.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण दोन बाबी शिल्लक आहेत. पहिली, उमाकांत नावाचा पाहुणा आत आल्याची नोंद आहे, बाहेर गेल्याची नाही. पाहुणा मुक्कामी ठेवायचा तर समितीची परवानगी लागते, म्हणून मला नोटीस आली आहे. नोटिशीवर सचिव म्हणून माझीच सही आहे आणि उत्तर द्यायला मी मुदत मागितली आहे.

दुसरी बाब डब्याची. डबा अजून सायकल स्टँडमध्ये आहे. तो पास आहे. पास झालेला माल फेकायचा तर आधी तो नापास होता असं म्हणावं लागेल, आणि तसं म्हटलं तर दोन निवृत्त कर्मचाऱ्यांच्या सह्या खोट्या ठरतील. म्हणून कुणी म्हणत नाही. लोक सायकली घरात ठेवू लागले आहेत. जाता येता नाकाला रुमाल लावतात, हिरव्या चिठ्ठीकडे पाहतात आणि पुढे जातात. कालच एक रहिवासी आपल्या बायकोला समजावत होता, "वास येऊन राहिला म्हंते! अवो, सही आहे ना त्याच्यावर."

तुम्ही हसत असाल. हसा. पण गेल्या आठवड्यात तुमच्या घरी जेवताना कुणीतरी हातातला घास थांबवून म्हणालं होतं की याला वास येतो आहे, आणि तुम्ही स्वयंपाकघरातून पाकीट आणून त्यावरची तारीख वाचून दाखवली होती. म्हणून हे सगळं तुम्हालाच लिहून कळवतो आहे. त्या डब्याशेजारून रोज जाऊन धोंडबांचं नाक इतक्या वर्षांनी पुन्हा चालू झालं आहे. वास येऊ लागल्यामुळे त्यांना वास उपसमितीवरून कमी करावं लागलं. जागा रिकामी आहे. सोमवारपासून रुजू व्हा.